जिन्याखालचा ड्रम

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुणं जागं आहे की झोपलेलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक अजून रेंगाळत असते, पेठेतली माणसं कानांत बोळे घालून पडलेली असतात आणि उरलेलं शहर चहा पीत टीव्हीवर तीच मिरवणूक बघत बसतं. पूर्णिमा गजभिये मात्र त्या सकाळी विश्रांतवाडीहून स्कूटर काढून निघाली. मधलं शहर नको म्हणून औंधावरून बाह्यवळणाला लागली आणि वारज्यावरून खडकवासल्याकडे वळली. आदल्या दिवशी रस्ते बंद, म्हणून तिच्या मत्स्यसंशोधन केंद्राला सुट्टी होती. सुट्टीत टाक्यांकडे बघायला पंपावरचा समाधान असे. सकाळी त्याचाच फोन आला होता. "मॅडम, मासं वर तोंड काढाय लागलेत. बिगीनं या."

माशाने पाण्यावर तोंड काढणं म्हणजे माणसाने खिडकीत येऊन धापा टाकणं. पूर्णिमाने डोक्याला तेलसुद्धा लावलं नाही, तशीच निघाली.

केंद्र तसं लहानसं. धरणाच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी दुमजली इमारत, तिच्यामागे पत्र्याची लांब शेड आणि शेडमध्ये गोल टाक्या. टाक्यांत चिलापी. उजनीची चिलापी पुणेकरांच्या ताटात अधूनमधून येतेच. ही तिचीच लांबची बहीण, पण जाणीवपूर्वक घडवलेली. आपल्याकडच्या शेततळ्यांत थंडी पडली की चिलापी खाणं सोडते आणि वाढायची थांबते. थंडीतही वाढेल अशी जात तयार करायची, हा तीन देशांनी मिळून घातलेला घाट होता. मूळ मासे व्हिएतनामचे, निवड कशी करायची याचं शास्त्र नॉर्वेचं, आणि थंडी पुण्याची. "आपलं योगदान म्हणजे गारठा," असं केंद्राचे प्रमुख डॉ. रणजित आगाशे पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसावं की नाही या विचारात पडत आणि तोवर आगाशे पुढच्या टाकीपाशी पोचलेले असत.

टाक्यांत आता चौथी पिढी होती. पहिल्या तीन पिढ्यांनी फार काही दाखवलं नव्हतं. ही चौथी गेल्या हिवाळ्यात, सगळं पुणं स्वेटर घालून फिरत असताना, खात राहिली आणि वाढत राहिली. पूर्णिमाने ती नखाएवढी होती तेव्हापासून सांभाळली होती. ही पिढी दुसरीकडे कुठेच नव्हती, ना मेकाँगच्या काठी, ना नॉर्वेत. ती गेली असती तर पूर्णिमाच्या हातात छायाचित्रांखेरीज काही उरलं नसतं.

आणि ती जाण्याचीच वेळ आली होती. शेडमध्ये शिरताच तिने टाक्यांवरून नजर फिरवली. सगळ्या टाक्यांत मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन आ वासत होते. काही एका कुशीवर कलले होते. काही तळाशी मरून पडले होते. टाकलेलं खाद्य तसंच तरंगत होतं, कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

शिकल्याप्रमाणे तिने एकेक गोष्ट तपासली. हवेचे पंप चालू होते, पाण्यात प्राणवायू भरपूर होता. अमोनिया मात्र वाढलेला निघाला. एरवी तिने तिथेच बोट ठेवलं असतं, कारण अमोनियाने माशाचे कल्ले होरपळतात. पण अमोनिया हा मोठा लबाड पुरावा. मासा आजारी पडला की खात नाही, न खाल्लेलं खाद्य पाण्यात कुजतं, आणि अमोनिया आपोआप वाढतो. तेव्हा अमोनियामुळे मासे आजारी की आजारामुळे अमोनिया, हे सांगायचं कसं? एकच उपाय होता, पाणी बदलून बघायचं. अमोनियाच गुन्हेगार असेल तर ताज्या पाण्यात मासे सुधारतील.

तिने समाधानला सांगून निम्मं पाणी सोडून दिलं आणि पावसाच्या टाकीतलं ताजं पाणी भरून घेतलं. पावसाची टाकी हा आगाशे सरांचा लाडका विषय. इमारतीच्या गच्चीवर पडणारा सगळा पाऊस नळीवाटे त्या टाकीत उतरे, गाळून निघे आणि रोज थोडा थोडा सगळ्या टाक्यांत माशांना जाई. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा प्रश्नच नाही. तीन देशांत इतकं स्वच्छ पाणी कोणाकडे नाही, असं सर म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

ताजं पाणी भरून झालं. पूर्णिमा टाकीच्या कडेला टेकून बघत राहिली. मासे सुधारले तर नाहीतच, उलट आणखी काही कुशीवर कलले. मग तिची खात्री पटली. पाणी बदलूनही फरक पडत नाही, म्हणजे रोगच.

मघापासून ती ज्या गोष्टीचा विचार टाळत होती, ती आता समोर येऊन उभी राहिली. तिन्ही देशांनी सही केलेल्या नियमांत एक कलम होतं. मासे एकाएकी आजारी पडले आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर रोगच आहे असं धरून सगळे मासे नष्ट करायचे, टाक्या ब्लीचिंग पावडरने धुवायच्या. विषाणूची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हायची आणि तिचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा, तोवर थांबायची मुभा नव्हती. चिलापीचा विषाणू माणसाला काही करत नाही, पण खाली धरण होतं, पुढे नदी, आणि नदीवर उजनी. तिथवर रोग पोचला तर जाळ्यावर जगणाऱ्या किती घरांची चूल विझेल याचा हिशेब कोण करणार? हे कलम नॉर्वेच्या हाकोनने सुचवलं होतं आणि बैठकीत सर्वांत आधी त्याला पाठिंबा दिला होता पूर्णिमाने. भंडाऱ्याकडच्या तलावांच्या मुलखात ती वाढली होती, मासे गेले की गाव कसं दिसतं हे तिला माहीत होतं. आपण लावलेला नियम आपल्यावर उलटला म्हणून तो वाईट ठरत नाही, हे तिला कळत होतं. कळून उपयोग काहीच नव्हता.

आगाशे सर आले तेव्हा ती नमुने भरत होती. ते सिंहगड रस्त्यालाच राहायचे, त्यामुळे त्यांना मिरवणुकीची अडचण नव्हती. त्यांनी टाक्यांवरून एक फेरी मारली. एरवी ते प्रत्येक टाकीपाशी काहीतरी टोचून बोलत. आज नुसते फिरले.

"आपण कळवलंत त्यांना?" त्यांनी विचारलं.

कळवलं होतं. सगळे आकडे तिने दोन्ही देशांना पाठवले होते आणि बैठक ठरली होती. सरांनी मान हलवली. शेडच्या दाराशी समाधानने ब्लीचिंगची पोती आणून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण नियम त्यालाही ठाऊक होता. पोती ठेवून तो पाठ करून उभा राहिला, आणि पूर्णिमाला त्याच्या त्या पाठीकडे बघवेना.

तेवढ्यात आईचा फोन आला. द्वारकाबाई गावाकडून रोज या वेळेला फोन करत आणि रोज एकच प्रश्न विचारत.

"जेवलीस का, बाई?"

"हो आई, जेवली," पूर्णिमा म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटही नव्हता. आईला ते आवाजावरून कळलं असणार.

बैठक सरांच्या खोलीत झाली. पडद्यावर एका चौकटीत हाकोन, त्याच्याकडे नुकती कुठे सकाळ उजाडलेली. दुसऱ्या चौकटीत व्हिएतनामच्या डॉ. लान, पिकल्या केसांच्या, नेहमी शांत. त्यांची चौकट बघूनच पूर्णिमाला थोडा धीर आला, कारण या कामात तिला बोट धरून चालायला शिकवलं होतं ते लान यांनीच. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. हाकोनने नियम वाचून दाखवला नाही, त्याची गरज नव्हती. त्याने एवढंच विचारलं की संध्याकाळ व्हायला तिकडे किती अवकाश आहे. माणूस कठोर नव्हता, आवाज त्याचाही पडलेला होता.

लान आकडे बघत होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या की त्यांना हा अमोनिया पटत नाही. खाद्य कुजून अमोनिया वाढतो हे खरं, पण एका दिवसात एवढा नाही, आणि सगळ्या टाक्यांत एकसारखा तर नाहीच. रोग असा रांग धरून येत नसतो. एखाद्या टाकीत आधी येतो, दुसरीत मागाहून. हा अमोनिया बाहेरून आलेला आहे. पूर्णिमा म्हणाली, बाहेरून काही येणं शक्य नाही. काल केंद्राला सुट्टी होती, समाधानखेरीज इथे कोणी नव्हतंच.

"सुट्टी कशाची?" लान यांनी विचारलं. "सण होता का?"

पूर्णिमा क्षणभर गोंधळली. हो, सण होता, पण त्याचा इथे काय संबंध? मग लान यांनी सांगितलं. त्यांच्याकडे वर्ष संपताना स्वयंपाकघराचा देव स्वर्गात निघतो आणि त्याला बसायला वाहन म्हणून लोक जिवंत मासे पाण्यात सोडतात. एका वर्षी कोणा भाविकांनी बाजारातले मासे आणून मोठ्या श्रद्धेने लान यांच्याच संस्थेच्या तळ्यात सोडले. सगळं तळं आजारी पडलं, आणि कारण शोधता शोधता शास्त्रज्ञांच्या तोंडाला फेस आला, कारण शास्त्रज्ञांपैकी कोणी सणाबद्दल विचारलंच नाही. "तेव्हापासून मी पाण्याच्या आधी सण विचारते," लान म्हणाल्या. "काल तुमच्याकडे लोकांनी काय केलं?"

गणपती विसर्जन, पूर्णिमाने सांगितलं. पण ते नदीवर, हौदांत. इथे केंद्रात काही नाही. केंद्रातला गणपती तर पाचव्या दिवशीच उठला होता. बोलता बोलता ती थांबली. तिला जिन्याखालचा निळा ड्रम आठवला.

केंद्रात गणपती बसे तेव्हा पूर्णिमा मोदक खायला हक्काने जाई आणि सजावटीला हातही लावी. तिच्या घरी गणपती नव्हता. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धवंदना. याचं केंद्रात कोणाला काही नव्हतं आणि तिलाही नव्हतं. मात्र आरती संपून विधीचं काही सुरू झालं की ती हळूच बाजूला होई. दुसऱ्याच्या पूजेत नाक खुपसू नये, एवढाच विचार. गेले काही दिवस जिन्याखाली वर फडकं बांधलेला एक मोठा निळा ड्रम होता. येता-जाता ती तो बघे. देवाचं काहीतरी असेल म्हणून तिने कधी विचारलं नाही. आणि तिला त्यात काय रस असणार म्हणून तिला कोणी सांगितलंही नाही. दोन्हीकडून नुसती सभ्यता.

आज सकाळी तोच ड्रम धुऊन, पालथा घालून वाळत ठेवलेला तिने पाहिला होता.

तिने पडद्याकडे पाठ केली आणि मराठीत विचारलं, "सर, जिन्याखालच्या ड्रममध्ये काय होतं?"

आगाशे सरांना हा प्रश्न आवडीचा निघाला. एवढ्या काळजीतही त्यांच्या आवाजाला धार आली. यंदा शाडूची म्हणून घेतलेली मूर्ती प्लास्टरची निघाली, असं ते म्हणाले. त्या विक्रेत्याला आपण काय सुनावलं तेही त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि थोडक्यातसुद्धा ते पुष्कळ होतं. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. मग त्यांनी महापालिकेकडून अमोनियम बायकार्बोनेटची पावडर आणली. त्यात प्लास्टरही विरघळतं, खाली खडूचा साका राहतो आणि वरच्या पाण्याचं उत्तम खत होतं. नदी घाण होत नाही. स्टाफच्या घरच्या मूर्तीही त्यांनी मागवून घेतल्या आणि ड्रम स्वतः रोज ढवळला.

"आणि खत?" पूर्णिमाने विचारलं.

"खत वाया कशाला घालवायचं? परवा संध्याकाळी मीच ते गच्चीवरच्या कुंड्यांना भरपूर..."

ते वाक्य पुरं झालं नाही. सरांनी मान वर करून छताकडे पाहिलं. काल दुपारी पावसाची मोठी सर येऊन गेली होती. गच्चीवरचा सगळा पाऊस कुठे जातो, हे त्यांच्याइतकं चांगलं साऱ्या पुण्यात कोणाला माहीत नव्हतं.

पडद्यावरची दोन माणसंही, भाषा न कळता, आळीपाळीने सरांकडे आणि पूर्णिमाकडे बघू लागली.

पूर्णिमा धावत गच्चीवर गेली. कुंड्यांखालची फरशी पांढरी पडली होती आणि तो पांढरा ओघळ सरळ नळीच्या तोंडापर्यंत गेला होता. खाली येऊन तिने पावसाच्या टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते बघता बघता गर्द हिरवं झालं. आपण सकाळी माशांना औषध म्हणून काय पाजलं, ते तेव्हा तिला कळलं. तिला रडू आलं आणि त्याच्या पोटातच हसूही आलं. रोग नव्हता. नुसतं विष होतं, अगदी साधं, ओळखीचं, धुऊन निघणारं विष.

समाधानने पावसाच्या टाकीचा कॉक बंद केला आणि जुन्या बोअरचा पंप सुरू केला. बोअरचं पाणी जड, म्हणून कधी वापरत नसत. पण चिलापी मूळची चिवट, तिला पाण्याच्या जडपणाचं काय?

सर पडद्यासमोर तसेच बसून होते. पूर्णिमा परत येताच त्यांनी घसा साफ केला आणि हाकोन व लान यांना सगळं सविस्तर सांगितलं, काहीही न गाळता. गच्ची माझी, ड्रम माझा, नळीही माझीच, असं म्हणाले. अहवालात माझं नाव घालून लिहा, केंद्राच्या नावामागे मला लपायचं नाही. पूर्णिमाने आजवर सरांचं बोलणं पुष्कळ ऐकलं होतं. टोमणा नसलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तिला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

हाकोनने हिरव्या पाण्याची नळी कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. नीट पाहिली. मग मागे टेकून त्याने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला की कारण सापडलं आहे, तेव्हा नियमाप्रमाणे मासे नष्ट करण्याची गरज नाही. विषाणूचा निकाल येईपर्यंत शेड बंद ठेवा, एवढंच. आणि त्यानेही एक गोष्ट सांगितली. त्याच्या आधीच्या प्रमुखाने मंत्री येणार म्हणून माशांच्या टाक्यांना आतून नवा रंग दिला होता. मंत्री आले तेव्हा टाक्या देखण्या होत्या, मासे नव्हते. लान तोंडावर हात ठेवून हसल्या. सरसुद्धा हसले, पण डोळे पुसत. समाधान न सांगता ब्लीचिंगची पोती उचलून घेऊन गेला. त्या पोत्यांत किती वजन असतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण जाताना ती हलकी दिसली.

दुपारभर पाणी बदलणं चाललं. मासे वरून खाली गेले, ही पहिली चांगली गोष्ट. मग कललेले सरळ झाले. जे मेले ते मेलेच, पण थोडे होते. पूर्णिमा एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जात होती आणि दर वेळी तिला वाटे, आपण बघतोय ते खरं आहे ना?

उन्हं कलल्यावर सर शेडमध्ये आले आणि तिच्या शेजारी टाकीच्या कडेला टेकले.

"गजभिये बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "एवढे दिवस ड्रम डोळ्यांसमोर होता. आपण कधी विचारलं कसं नाही?"

"मला वाटलं, पूजेचं असेल. मी कशाला विचारायचं?"

"आणि मला वाटलं, तुम्हाला कशाला सांगायचं." सर टाकीतल्या पाण्याकडे बघत राहिले. "व्हिएतनामहून बाईंना ते विचारावं लागलं. अहो, पुढच्या वर्षी ढवळायलाच या. दुर्गंधी येते, पण निदान माहिती राहील."

"येईन," पूर्णिमा म्हणाली. "आणि खत कुठे टाकायचं, ते मी ठरवणार."

"ते तर झालंच," सर म्हणाले.

तिने खाद्याची चिमूट घेतली आणि भीतभीत पाण्यावर टाकली. खरं तर आज खायला द्यायला नको होतं, पण नुसतं बघण्यापुरते चार दाणे. दाणे तरंगत राहिले. तिने श्वास धरला. मग खालून एक सावली वर आली, तोंड उघडलं आणि दाणा नाहीसा झाला. तिच्यामागून दुसरी आली. तिसरी तर पाणी उडवत आली आणि सरांचा चष्मा भिजला. सरांनी तो पुसलाच नाही.

पूर्णिमाने लान यांना फोन लावला. पलीकडून आवाज येताच ती काही समजावून सांगायला विसरली आणि चक्क मराठीतच म्हणाली, "खाल्लं." लान यांना मराठीचा गंध नव्हता. तरी त्या पलीकडे टाळ्या वाजवत होत्या.

फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला. आई होती. या वेळेला ती कधी फोन करत नसे, म्हणजे मघाचा पूर्णिमाचा आवाज तिच्या मनातून गेला नव्हता.

"जेवलीस का, बाई?"

"मासे जेवले, आई," पूर्णिमा म्हणाली आणि तिचा बांध फुटला. ती हमसून हमसून रडायला लागली, शेजारी सर आहेत हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

द्वारकाबाईंनी तिला रडू दिलं. कशाचे मासे, काऊन रडतेस, काही विचारलं नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. आता मी तुझं विचारते."

पूर्णिमाने डोळे पुसले. शेजारी सर डबा उघडून तिच्यापुढे धरून उभे होते. त्यात तळलेले मोदक होते, कालचे, जरा कडक झालेले. तिने एक उचलून तोंडात घातला आणि भरल्या तोंडानेच आईला सांगितलं, "जेवते आहे."